बारा ते दोनचा पहारा

धाकूदादाला बसलेलं पाहिलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. उभा पाहिलेले पुष्कळ भेटतील, चालताना पाहिलेले त्याहून जास्त. पण बसलेला? छे! सात वर्षं मी त्याच्याबरोबर एका खोलीत काम केलं. खोलीत एक खुर्ची, एक स्टूल आणि पोरांच्या बस्करांची गुंडाळी होती. यातल्या एकाही वस्तूला त्याच्या बुडाचा स्पर्श झाल्याचं मला आठवत नाही.

धाकू हे त्याचं खरं नाव नव्हे. गावाचं नावही मी सांगणार नाही. खालापूरहून कर्जतकडे निघालं की डाव्या हाताला माथेरानचा डोंगर सोबत करतो, आणि त्याच्या नजरेखाली डझनभर गावं भातखाचरांत पाय सोडून बसलेली दिसतात. त्यातलं कुठलंही एक धरा. नाव का लपवतो ते पुढे येईलच. भ्यालो आहे एवढं आताच कबूल करतो.

लढाई सुरू होऊन दीडएक वर्ष झालं होतं. मी नवा मास्तर, वय तेवीस, टोपी तिरकी. त्या काळी खेड्यातल्या मास्तराच्या गळ्यात टपालाचंही काम असे. त्यामुळे शाळेच्याच खोलीत एका कोपऱ्यात टपालाची पेटी, शिक्का आणि शाईची गादी. सकाळी पोरांचे पाढे, मधेच ठप्प ठप्प शिक्के, पुन्हा पाढे. खालापूरहून टपाल आणायचं आणि सात-आठ गावांत वाटायचं हे धाकूदादाचं काम. पंचेचाळिशीचा, काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर, वर सरकारी खाकी कोट. कोट त्याच्याआधी कुणा आडव्या माणसाने वापरला असावा, कारण आत आणखी एक धाकू मावला असता.

"बसा की दादा," मी पहिल्या दिवशी म्हणालो.

"बसतो की," तो म्हणाला, आणि खोलीला एक फेरी मारून आला.

चहा दिला तर बशी हातात घेऊन दारापर्यंत जायचा, एक घोट, परत यायचा, दुसरा घोट. बशी संपेपर्यंत त्याचं फर्लांगभर चालणं होई. पत्रं वाचून दाखवायची तीही तशीच. लढाईवर गेलेल्या पोराचं पत्र आलं की आई अंगणात उभी राही आणि हा तिच्याभोवती फिरत फिरत वाचे. त्या माउलीला एकेक शब्द ऐकायला जागच्या जागी गरगरावं लागे. एक म्हातारी कावून म्हणाली होती, "आरं धाकू, मी काय तुळशी हाय का रं? परदक्षणा कसल्या घालतोस?"

"आजे, थांबलो का आक्षरं दिसत नाय मला," हा म्हणे.

एवढं चालून त्याचं समाधान मात्र कधी होत नसे. पत्र ज्याच्या त्याच्या हातात दिलं, वाचून दाखवलं, तरी दुसऱ्या दिवशी येऊन मला विचारायचा, "गुरुजी, ते कालचं पोचलं आसंल ना?"

"अहो, तुम्हीच दिलंत ना?"

"दिलं. पन पोचलं का?"

या प्रश्नाला मी सात वर्षं उत्तर शोधत होतो.

आता दगडांची गोष्ट. गाव एका काठाला, मारुतीचं देऊळ आणि आमची शाळा दुसऱ्या काठाला, आणि मधून एक वहाळ जातो. पावसाळ्यात तो मोठ्या नदीचा आव आणतो आणि नंतर माघापर्यंत घोटाभर शेवाळलेलं पाणी वाहत राहतं. एका शनिवारी एक म्हातारी तिथे घसरून पडली. खुबा मोडला. गावाने हळहळ केली, वहाळाला शिव्या दिल्या आणि विषय संपवला. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत मात्र तिथे एकेक चपटा दगड येऊन बसायला लागला. चांगले रुंद, न डगमगणारे, बरोबर म्हातारीच्या पावलाच्या अंतरावर. नऊ दगड झाले आणि काम थांबलं.

कुणी केलं? गावाने फार डोकं चालवलं नाही. देवाचं काम म्हणजे नारोबुवांचं. नारोबुवा आमच्या भजनाचे पुढारी, आवाज खणखणीत, दाढी पांढरीशुभ्र. पहिल्या दिवशी बुवा म्हणाले, "छे छे, मी नाय." दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मी कोन करनारा? त्याची किरपा!" तिसऱ्या दिवशी मी स्वतः ऐकलं, वहाळाकाठी उभे राहून पोरांवर ओरडत होते, "वहाना काढा रं मेल्यांनो! मेहनत हाय त्याच्यात!"

आणि धाकूदादा? सगळ्यांसमोर वाकून बुवांच्या पाया पडला. "बुवा, मोटं काम केलंत," म्हणाला. बुवांनी आशीर्वाद दिला.

पण टपालाची पिशवी माझ्या ताब्यात येत असे. त्या संध्याकाळी मी ती झटकली आणि टेबलावर ओली वाळू पडली. पिशवीचा तळ फाटत आलेला. मी धाकूदादाच्या हाताकडे पाहिलं, तर अंगठ्याचं नख काळंनिळं.

"दादा, सरकारी पिशवीतून दगड?"

"येताना रिकामीच आसती ती, गुरुजी." त्याचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला. "पाताळगंगेतनं एकेक आनला. वरती कळवू नका. नोकरी जाईल."

"नाही कळवत. पण मग बुवांच्या पाया कशाला पडलात? ते दाढी कुरवाळत फिरतायत गावभर!"

तो फेऱ्या मारायला लागला. खिडकी ते पेटी, पेटी ते खिडकी.

"गुरुजी, रजिष्टर टपाल आसतं ना? त्याची पोच येते. सही झाली, पोच परत आली, म्हंजे काम खलास. बरोबर? आता मी दगड टाकलं ते त्याच्या नावानं टाकलं." त्याने देवळाच्या दिशेने हनुवटी केली. "मधीच गावानं वा धाकू, वा धाकू केलं, तर झाली की सही! पोच हितंच मिळाली. मग म्होरं काय जानार?"

"आणि बुवा?"

"बुवांची सही बुवांना लखलाभ. माझं पाकीट तर फुटलं नाय."

त्याच्या बायकोला, चंद्राबाईला, हे तत्त्वज्ञान पाठ होतं आणि त्याचा भयंकर रागही होता. मला म्हणायची, "देवाला ठावं हाय, देवाला ठावं हाय, येवडंच आयकते लगीन झाल्यापासनं. घरात मीठ नाय ते बी देवालाच सांगतो का ह्यो? मला सांगत नाय, म्हनून इचारते." धाकूदादा अशा वेळी अंगणातून पायवाटेपर्यंत गेलेला असायचा.

चैत्रात आमच्या गावी सप्ताह बसे. देवळापुढे मांडव, सात दिवस अखंड नामस्मरण. त्यात कडक नेम एकच. वीणा सात दिवस जमिनीला टेकता कामा नये. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, एकमेकांच्या पाया पडून, पहाऱ्यापहाऱ्याने ती फिरत राहायची. ज्याच्या गळ्यात वीणा तो उभा. पुढचा येईपर्यंत त्याने बसायचं नाही, टेकायचं नाही, वीणा उतरवायची नाही. टेकली तर सप्ताह मोडला, आणि मोडलेल्या सप्ताहाचं खापर गावावर वर्षभर फुटणार. गुरं मेली तरी त्यानेच, पाऊस हुकला तरी त्यानेच.

पहाऱ्यांची यादी माझ्या अक्षरात मांडवाच्या खांबाला लागत असे. संध्याकाळच्या कीर्तनाच्या पहाऱ्यावरून तर भावाभावांत अबोला व्हायचा, कारण तेव्हा पंचक्रोशी समोर बसलेली. पण दुपारी बारा ते दोन? तेव्हा देवळामागच्या आंबराईत पंगत बसे, आणि नंतर सगळं गाव जेवून आडवं होई. चैत्राचं ऊन, तापलेले पत्रे, समोर ऐकायला कुणी नाही. टाळ धरायला एक ठार बहिरे आजोबा, तेही टाळ पोटावर ठेवून घोरत. तो पहारा कुणाला नको असे.

तो धाकूदादाचा. सातही दिवस. त्यासाठी तो उजाडायच्या आत निघे, निम्मी गावं धावत उरकून पावणेबाराला हजर होई, दोन तास उभा राही आणि दोनला उरलेलं टपाल घेऊन पुन्हा पळे. पहिल्या वर्षी मी यादीत त्याचं नाव लिहायला लेखणी उचलली, तर त्याने माझा हातच धरला.

"ती ओळ कोरी ठेवा."

"लोक विचारतील ना!"

"कोन इचारतंय? जेवायच्या येळंला?" मग हळूच म्हणाला, "वर्सभर जगाचं टपाल पोचवतो, गुरुजी. ह्ये दोन तास तेवडं माझं. येवडं ऱ्हाऊ द्या."

खरंच कुणी विचारलं नाही. चार वर्षं ती ओळ कोरी राहिली. गाव जेवत होतं आणि वीणा आपोआप गळ्यात राहत होती, असाच सगळ्यांचा समज असावा.

लढाई संपली त्याच्या पुढच्या चैत्रात सप्ताहाचे यजमान झाले अण्णासाहेब. लढाईत पेट्रोल मिळेना तेव्हा मोटारी कोळशावर चालायला लागल्या, आणि आमच्या डोंगरातला कोळसा अण्णासाहेबांनी चौक गावच्या हमरस्त्यावर नेऊन विकला. धाकू-अण्णा एका वयाचे, एका वहाळात डुंबलेले. पण आता अण्णांचे अण्णासाहेब झाले होते. माणूस वाईट नव्हता. कुणी बघत असेल तर फारच चांगला होता. त्या साली त्यांनी मांडवाला झालर लावली आणि मुंबईहून फोटोवाला आणला.

आदल्या दिवशी ते शाळेत येऊन यादी वाचत होते. मी शेजारी, नारोबुवा पलीकडे, धाकूदादा दारात पिशवी बांधत.

"गुरुजी, हे काय? बारा ते दोन कोरं? सातही दिवस? वीणा काय खुंटीला टांगता की काय?"

मी धाकूदादाकडे पाहिलं. तो पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत होता.

"असं चालायचं नाही. लिहा तिथं, आमचा दिवाणजी उभा राहील. त्याला जेवण नंतर वाढू."

आता बोला की दादा! एक वाक्य म्हणा, की तो पहारा माझा आहे! पण ते वाक्य म्हटलं की पाकीट फुटलं, आणि नाही म्हटलं तर ते दोन तास गेले. धाकूदादाचे पाय जागच्या जागी एवढे चुळबुळत होते की उंबऱ्यावर धूळ उडत होती.

मला ते सहन झालं नाही. शिवाय खरं सांगायचं तर, असा डाव हातात असताना गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी लेखणी बुडवली आणि कोऱ्या ओळीवर टपोऱ्या अक्षरात धाकूदादाचं पूर्ण नाव लिहिलं. वर बापाच्या नावासकट मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणालो, "अण्णासाहेब, चार वर्षं मी बघतोय. हा माणूस सातही दिवस उपाशी उभा असतो. आणि वहाळातले दगड..."

"गुरुजी!" धाकूदादा ओरडला. मी थांबलो. नारोबुवा दाढीशी चाळा करू लागले.

अण्णासाहेबांचे डोळे भरून आले. ते हळवे होतेच. "धाकू! लेका, बोलला नाहीस कधी! उद्या बाराला, सगळ्या गावासमोर शाल, नारळ, हार! आणि फोटो! वीणा घेतलेला!"

सगळे गेल्यावर धाकूदादा माझ्याजवळ आला. आणि मी पाहिलं, तो स्थिर उभा होता. पाय, हात, काही हलत नव्हतं. सात वर्षांत एवढं एकदाच.

"गुरुजी," तो म्हणाला, "दुसऱ्याचं टपाल फोडलंत."

टपालाचं काम केलेल्या माणसालाच कळेल यात काय होतं ते. मला शिवी दिली असती तर बरं.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले. शाल आली, नारळ आला, तिपाईवर कॅमेरा आला. धाकूदादा आला नाही. नारोबुवांचा पहारा संपला होता. त्यांचे गुडघे सुजलेले, वीणा गळ्यात, नजर वाटेवर. सव्वाबारा झाले. पंगतीतून वरणाचा वास यायला लागला. गाव चुळबुळायला लागलं.

"आणा, तोवर मी धरतो," अण्णासाहेब म्हणाले. बुवांनी वीणा इतक्या चपळाईने त्यांच्या गळ्यात घातली की पाया पडायचं जवळजवळ राहूनच गेलं. काळ्या कापडाखाली फोटोवाल्याचं डोकं गेलं, बाहेर आलं. झाला फोटो! गावाने जयजयकार केला आणि सगळे आंबराईकडे पळाले. फोटोवाला सगळ्यांत पुढे.

राहिलो मी, घोरणारे आजोबा आणि अण्णासाहेब. अंगात कोट, गळ्यात वीणा. पुढचा पहारेकरी दोन वाजता.

"गुरुजी, तुम्ही घ्या ना."

"माझी मुंज झालीय, दीक्षा नाही," मी काहीतरी ठोकून दिलं. एरवी मी घेतली असती. पण माझे डोळे वाटेवर होते. मी एका माणसाचे दोन तास गमावून बसलो होतो.

पावणेएकला अण्णासाहेबांचा घाम टपटप पडायला लागला. एकला त्यांचे डोळे मिटायला लागले. नाम थांबलं होतं, नुसते ओठ हलत होते. आणि मग मला मांडवाबाहेरच्या पिंपळाआड तो खाकी कोट दिसला. कधीपासून उभा होता कोण जाणे. मी हात केला नाही. एव्हाना तेवढी अक्कल आली होती.

अण्णासाहेबांचा गुडघा वाकला. वीणेचा भोपळा जमिनीपासून वीतभर राहिला असेल, तोवर पिशवी फेकून धाकूदादा मांडवात आलेला होता. तशाही घाईत त्याने रांजणातलं पाणी पायावर घेतलं, अण्णासाहेबांच्या पाया पडला आणि वीणा गळ्यात घेतली. अण्णासाहेब पोत्यासारखे खाली बसले.

धाकूदादाने तार छेडून नाम सुरू केलं. मग अण्णासाहेब म्हणाले, "धाकू, कुणाला सांगू नकोस रं. यजमानाला तासभर उभं राहवलं नाही म्हणतील."

"मी काय सांगनार?" धाकूदादा नामाच्या दोन आवर्तनांमधून म्हणाला. "मी तर हितं नायच. मी चौकला गेलोय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी झोपलोय," मी म्हणालो आणि डोळे मिटले.

दोनला पाच मिनिटं असताना वीणा पुन्हा अण्णासाहेबांच्या गळ्यात गेली. गाव जांभया देत परतलं तर यजमान घामाने न्हालेले, उभेच! केवढा गजर झाला! ती शाल त्यांच्याच खांद्यावर पडली. गर्दीतून वाट काढत धाकूदादा पुढे झाला आणि सगळ्यांसमोर त्यांच्या पाया पडला. अण्णासाहेबांना वर बघवेना.

त्यांना आता सुटका नव्हती. उरलेले सहा दिवस त्या ओळीवर अण्णासाहेबांचंच नाव लागलं. बाराला ते वीणा घेत, गाव जेवायला गेलं की पिंपळाआडून कोट येई. पुढच्या वर्षीही तेच. फोटो काच लावून गाभाऱ्याबाहेर टांगला गेला. माझ्यावर धाकूदादा खूश झाला असेल असं समजू नका, पण सप्ताहानंतर एकदा चहाची बशी घेऊन दाराकडे जाताना म्हणाला, "आता बरं झालं. पाठवनाराचं नाव दुसऱ्याचं. कुनी शोधीत येनार नाय." मला मात्र दर चैत्रात, माझ्या उत्तम अक्षरात, ते खोटं नाव सात वेळा लिहावं लागे. माझी शिक्षा मी ओळखली होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. अण्णासाहेब पहिल्या वर्षी वीणा देऊन खांबामागे पडत. दुसऱ्या वर्षी ते बसून राहायला लागले. जेवायला बोलावलं तरी जात नसत. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, तो फोटो काढून टाकला तर? बघवत नाही मला."

मी धाकूदादाला सांगितलं. तो दचकला. "नको! त्यांना सांगा, र्‍हाऊ द्या त्यो. त्यो फोटो हाय म्हनून माझं दोन तास हायेत!"

फोटो राहिला. अण्णासाहेबांना तो रोज पाहावा लागला.

म्हणून मी नाव बदललंय. गाव लपवलंय. एकदा फोडलेलं पाकीट खळ लावून पुन्हा चिकटवायची ही धडपड आहे.

माझी बदली झाली तीही चैत्रात, सप्ताह चालू असतानाच. कर्जतची गाडी गाठायला बैलगाडी दुपारी निघाली. देवळाशी मी ती थांबवली. मांडवात नेहमीचं सगळं होतं. आजोबा घोरत होते. खांबाला टेकून अण्णासाहेब डोळे मिटून उपाशी बसले होते. आणि वीणा गळ्यात घेऊन, रस्त्याकडे पाठ करून धाकूदादा उभा होता. उभा म्हणजे काय, पाय तिथेही चालूच होते. एक पुढे, एक मागे, देवासमोर तीन हातांच्या जागेत त्याची पायपीट चालली होती. अजून पोचायचं असल्यासारखी.

हाक मारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. सात वर्षांची ओळख, निरोप तरी घ्यावा! पण हाक मारली असती तर तो वळला असता.

मी गाडी उताराकडून कोरड्या पात्रातून न्यायला सांगितली आणि स्वतः वहाळाशी आलो. नऊच्या नऊ दगड कोरडे, पांढरे पडलेले. समोर कुणी नव्हतं, मागेही नव्हतं. मी वहाणा काढून हातात घेतल्या आणि पलीकडे गेलो.